‘सदरची कारवाई’ आणि ‘सूत्रांची माहिती’

मराठी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बहुतेक रोज एक तरी बातमी अशी असते, जी कुणा पत्रकारानं लिहिलेली नसते. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्याने’ अशी तिची सुरुवात. मग सापळा रचला जातो, ‘सदर इसम’ संशयास्पदरीत्या फिरताना मिळून येतो, त्याची अंगझडती होते, पंचांसमक्ष मुद्देमाल हस्तगत होतो आणि त्याला ‘शिताफीने’ ताब्यात घेतलं जातं. शेवटचा परिच्छेद सर्वांत लांब. ‘सदरची कारवाई मा. पोलीस अधीक्षक, मा. अपर पोलीस अधीक्षक यांच्या मार्गदर्शनाखाली’ इथून सुटलेली गाडी पो.नि., स.पो.नि., पो.उ.नि., पो.हवा. अशी सगळी स्टेशनं घेत चालक पोलीस शिपायापर्यंत जाऊन थांबते. उपसंपादकाची कात्री पहिली चालते ती याच परिच्छेदावर. दुसऱ्या दिवशी पहिला फोन येतो तोही याच परिच्छेदासाठी. कुणाचं तरी नाव गळलेलं असतं.

या प्रेसनोटची चेष्टा पत्रकारच जास्त करतात. पण पोलीस खातं माध्यमांशी जे काही बोलतं, त्यातलं हेच एक बोलणं असं की ज्याला धनी आहे. त्यावर ठाण्याचं नाव असतं, गुन्हा रजिस्टर नंबर असतो, कलमं असतात, आणि उद्या कोर्टात ‘हे तुम्हीच म्हणाला होतात ना?’ असं वकिलाला विचारता येतं. बाकीचं पुष्कळसं बोलणं ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांआड उभं असतं. पत्रकारांच्या प्रश्नांना पोलीस कसं तोंड देतात हे समजून घ्यायचं तर या दोन बोलण्यांमधली ये-जा पाहावी लागते.

ती सुरू होते पोलीस ठाण्यातल्या टेलिफोनपासून. रात्री अंक सोडण्याआधी क्राइम रिपोर्टर एकेका ठाण्याला फोन लावतो. उचलतो तो ठाणे अंमलदार. ‘काय साहेब, काही विशेष?’ ‘निरंक.’ हा शब्द सरकारी दप्तराबाहेर फारसा कुठे ऐकू येत नाही. त्याचा कोशातला अर्थ शून्य, काही नाही. फोनवरचा अर्थ मात्र लवचिक आहे. खरंच काही घडलेलं नसेल. किंवा घडलंय, पण साहेबांनी अजून नोंद वाचलेली नाही. किंवा घडलंय आणि ते सांगायचं नाही असं ठरलंय. मुरलेला रिपोर्टर ‘निरंक’च्या आवाजावरून यातला फरक ओळखतो आणि मग जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन लावतो.

अंमलदाराला दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये सरकारी नोकराला परवानगीशिवाय वृत्तपत्रांना माहिती देता येत नाही. बोलला आणि चुकला तर त्याच्यामागे खातेनिहाय चौकशी लागू शकते. न बोलल्याबद्दल कुणाची बढती अडल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. अशा हिशेबात गप्प राहणं केव्हाही स्वस्त पडतं.

बोलायचं कुणी हे म्हणूनच आधी ठरवावं लागतं. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकाचं, आणि त्याच्या परवानगीनं उपविभागीय अधिकाऱ्याचं किंवा एलसीबीच्या, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेच्या निरीक्षकाचं. मुंबईत पोलीस उपायुक्त (अभियान), पत्रकारांच्या बोलीत ‘डीसीपी ऑपरेशन्स’, हा अधिकारी शहर पोलिसांचा प्रवक्ता म्हणून काम पाहतो. केंद्रीय गृह मंत्रालयानं १ एप्रिल २०१० रोजी सगळ्या राज्यांना पोलिसांच्या माध्यम धोरणाबद्दल एक सूचनापत्र पाठवलं. माध्यमांशी फक्त नेमून दिलेल्या अधिकाऱ्यानंच बोलावं हे त्यातलं मुख्य कलम. एखाद्या गुन्ह्याबद्दल साधारण चार टप्प्यांवर माहिती द्यावी असंही त्यात आहे: गुन्हा नोंदवला तेव्हा, अटक झाली तेव्हा, दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा आणि कोर्टाचा निकाल लागला तेव्हा. यातला चौथा टप्पा लक्षात ठेवा, त्याकडे शेवटी यायचं आहे.

आता प्रेसनोट व्हॉट्सॲपवर येते. बऱ्याच ठिकाणी पत्रकारांचा ग्रुप असा बांधलेला असतो की त्यात लिहिण्याची सोय फक्त ॲडमिनला. नोट येते, खाली आरोपी आणि अधिकाऱ्यांचा फोटो येतो, संपलं. ज्यात प्रश्न विचारता येत नाही त्या ग्रुपला मी तरी ठाण्याबाहेरचा सूचना फलकच म्हणेन. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर खातं उघडलं आणि तिथल्या खुसखुशीत, सिनेमातल्या संवादांशी खेळणाऱ्या संदेशांचं देशभर कौतुक झालं. हेल्मेट घाला, ओटीपी सांगू नका, हे इतक्या गोड भाषेत पोलिसांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. पण लोकांशी गप्पा मारणं वेगळं आणि अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देणं वेगळं. कोठडीत मृत्यू झाला की तोच विनोदी हात आखडतो आणि जुन्या वळणाची नोट बाहेर येते: ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे.’

कायद्यानं काय उघडं आहे आणि काय बंद, याची वाटणी पाहिली तर ती थोडी चमत्कारिक आहे. प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, उघडी. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बालकांशी संबंधित गुन्हे असे संवेदनशील विषय तेवढे वगळावेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ असा रकाना आहे. रात्रीच्या ‘निरंक’ची उलटतपासणी सकाळी तिथे करता येते, आणि चलाख रिपोर्टर ती करतात. अटकेचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३७ वं कलम सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी नेमावा आणि कुणाला कोणत्या गुन्ह्यात अटक झाली ही माहिती ठळकपणे लावावी. म्हणजे अटक झाली का, कुणाला झाली, या प्रश्नांना ‘साहेबांना विचारा’ हे कायदेशीर उत्तर होऊ शकत नाही.

दोषारोपपत्र मात्र बंद. पत्रकार सौरव दास यांनी मागणी केली होती की एफआयआरप्रमाणे तेही संकेतस्थळावर टाकावं. २० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सांगितलं. त्याहून कडेकोट बंद ती तपासाची केस डायरी. ती कोर्ट पाहू शकतं, पण आरोपी ती हक्कानं मागू शकत नाही. आणि गंमत अशी की गाजलेल्या प्रकरणात दोषारोपपत्राची पानं आणि जबाबांची छायाचित्रं वाहिन्यांच्या पडद्यावर लाल वर्तुळं काढून दाखवली जातात, तर त्याच ठाण्यातल्या साध्या घरफोडीची एफआयआर बघायला तक्रारदाराच्या शेजाऱ्यानं मागितली तर ‘अर्ज द्या’ म्हणतात.

काही गोष्टी न सांगण्यामागे मात्र भक्कम कारण असतं. वाचकांना सर्वांत परिचित, आणि सर्वांत गैरसमजाचं, म्हणजे आरोपीच्या तोंडावरचा काळा बुरखा. टेबलावर मांडलेला मुद्देमाल, मागे खुर्च्यांवर अधिकारी, त्यांच्या मागे बुरख्यातले तिघे. हा फोटो पाहून लोक म्हणतात, चोराची कसली लाज राखता? लाजेचा संबंध नसतो. साक्षीदारानं आरोपीला ओळख परेडमध्ये ओळखायचं असतं. सारख्या अंगकाठीच्या माणसांच्या रांगेत त्याला उभं करतात आणि साक्षीदाराला बोट ठेवायला सांगतात. त्याआधी तोच चेहरा सकाळच्या पेपरात छापून आला असेल तर बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो: तुम्ही यांना गुन्ह्याच्या जागी पाहिलंत की पेपरात? त्या प्रश्नावर ओळख परेड कोसळू शकते. फोटोच्या हौसेपायी आपलाच पुरावा कापून देणं, असा तो प्रकार. खरं तर २०१० च्या सूचनापत्रानं अटक केलेल्यांचं असं प्रदर्शनच नको म्हटलं आहे. फोटो येतच राहतात, बुरखा घालून.

पीडितेचं नाव न देण्यात तर तडजोडीला जागाच नाही. भारतीय दंड संहितेत १९८३ साली २२८-अ हे कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ७२ वं आहे. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं की ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील द्यायचा नाही आणि पीडितेचा मृत्यू झाला तरी हे बंधन उठत नाही. बालकांसाठी पोक्सो कायद्याचं २३ वं कलम आहे, बाल न्याय अधिनियमाचं ७४ वं आहे. नियम पाठ असूनही चूक होते ती ‘ओळख पटेल’ या दोन शब्दांत. प्रेसनोटमध्ये मुलीचं नाव नसतं; पण गाव असतं, इयत्ता असते, ‘आरोपी हा तिचा सख्खा मामा’ असं असतं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात मग नाव सांगायचं राहिलं काय?

आणि आता प्रेसनोटमधलं माझ्या मते सर्वांत महागडं वाक्य: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ पहिले तीन शब्द पत्रकाराची भर, उरलेलं पोलिसांचं. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम हेच सांगत होतं आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३ वं कलमही हेच सांगतं. ज्या राज्यकर्त्यांनी हे पोलीस खातं उभं केलं, त्यांचाच कोठडीतल्या कबुलीवर विश्वास नव्हता! या नियमाला एक फट आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. ‘आरोपीने काढून दिलेला कोयता’ ही प्रेसनोटमधली मोडकीतोडकी वाक्यरचना म्हणूनच कायद्यानं फार नेमकी आहे. कबुली कोर्टात शून्य किमतीची आणि पेपरात मथळ्याची. शेजारी, नातेवाईक, मालक, मुलीला सांगून आलेलं स्थळ, या सगळ्यांचा निकाल त्या मथळ्यावर लागलेला असतो.

ही तक्रार काही पत्रकारांवर रागावलेल्या लोकांचीच नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये वाहिन्यांवर जे चाललं, त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये महाराष्ट्रातले निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी होते; मुंबईचे माजी आयुक्त एम. एन. सिंह त्यांतले एक. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांनी १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावं याची यादी त्यात आहे. पोलिसांपुढची कबुली, ती पुराव्यात चालत नाही हे न सांगता छापणं, हा त्या यादीतला एक मुद्दा. निकाल माध्यमांना उद्देशून आहे. पण कबुली वाहिनीपर्यंत चालत तर येत नाही. कुणीतरी ती पोहोचवतं.

ते कुणीतरी म्हणजे ‘सूत्र’. खऱ्या अर्थानं सूत्र हा पत्रकारितेचा प्राण आहे. वरिष्ठांचा गैरकारभार उघडा करणारा हवालदार आपलं नाव कसं देईल? पण गुन्ह्याच्या बातमीतलं बरंचसं सूत्र असं धाडसी नसतं. ते तपासाचाच एक भाग असतं: आरोपीवर दबाव यावा, जामिनाच्या सुनावणीआधी वातावरण तापावं, दुसऱ्या तपास यंत्रणेच्या आधी आपलं नाव व्हावं. अधिकृतपणे ‘तपास सुरू आहे, भाष्य करता येणार नाही’ म्हणणारा आणि संध्याकाळी चहा पिता पिता तपशील देणारा अधिकारी कधी कधी एकच असतो. पत्रकारालाही ते सोयीचं. सूत्र दुखावलं तर उद्याची बातमी प्रतिस्पर्ध्याला जाईल, म्हणून आजची बातमी उलट तपासायची नाही. या देवाणघेवाणीत तिसरा पक्ष कोठडीत बसलेला असतो आणि त्याच्याकडे मोबाईल नसतो.

उघडपणे बोलल्यानंही पंचाईत होते, हे २०१८ मध्ये दिसलं. एल्गार परिषद प्रकरणात झालेल्या अटकांनंतर ३१ ऑगस्ट रोजी तेव्हाचे अपर पोलीस महासंचालक (कायदा व सुव्यवस्था) परमबीर सिंह यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली आणि जप्त केलेली म्हणून काही पत्रं वाचून दाखवली. तीनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं: जे कागद पुढे पुराव्यात यायचे आहेत ते पोलीस पत्रकारांना कसे वाचून दाखवतात? २८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न मतात या पत्रकार परिषदेवर कडक शब्दांत टीका केली. बहुमत दुसऱ्या बाजूला होतं, त्यामुळे तेव्हा त्यातून काही निघालं नाही.

पाच वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२३ रोजी, तेच न्यायमूर्ती सरन्यायाधीश असताना त्यांच्या पीठानं केंद्रीय गृह मंत्रालयाला तीन महिन्यांत पोलिसांच्या माध्यम संवादाची सविस्तर नियमावली करायला सांगितलं. हा आदेश ज्या खटल्यात निघाला त्याचं मूळ मुंबईत आहे. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या पोलीस चकमकींवर पीयूसीएल या संघटनेनं दाद मागितली होती, तो हा खटला. २०१४ मध्ये त्यातच चकमकींच्या चौकशीचे नियम घालून दिले गेले, आणि चकमकीनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती देऊ नये हे त्यात आलं. चकमकीचे नियम आणि पत्रकार परिषदेचे नियम एकाच खटल्याच्या पोटातून निघावेत यात मला नवल वाटत नाही. ‘आरोपीने पोलिसांच्या दिशेने गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ’ ही नोट त्या वर्षांत मुंबईच्या पत्रकारांना तोंडपाठ झाली होती.

बोलायला उशीर केला तर काय होतं, याचं उदाहरणही मुंबईचंच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसवर दोरावरून उतरणारे कमांडो वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि पाकिस्तानातले सूत्रधार टीव्हीवर दिसेल ते फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सांगत होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या या वागण्याची झाडाझडती घेतली. २०१५ मध्ये केबल टीव्ही नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाईचं थेट चित्रण बंद, सरकारनं नेमलेला अधिकारी ठराविक वेळानं माहिती देईल तेवढीच द्यायची. नियम योग्यच. फक्त ‘ठराविक वेळ’ म्हणजे किती, हे त्यात लिहिलेलं नाही, आणि हल्ल्याच्या रात्री दर तासाला कुणी समोर आलं नाही तर तो तास अफवा भरून काढतात. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी, जिथे स्फोट झालाच नव्हता त्या मस्जिद बंदरचं नाव मुद्दाम यादीत घातलं, आणि दंगल टाळण्यासाठी तसं केल्याचं पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. मुख्यमंत्र्यांनी केलं ते पोलीस प्रवक्त्यानं करावं का? एकदा खोटं पकडलं गेलेल्या प्रवक्त्याचं दुसऱ्या स्फोटाच्या रात्री कुणी ऐकणार नाही, म्हणून करू नये, असं मला वाटतं. त्या दिवशीच्या मुंबईत मी निर्णय घ्यायच्या जागी नव्हतो, हेही खरं.

राहिला चौथा टप्पा, निकालाचा. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. ३० सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत प्रकरणाचा उलगडा झाल्याचं जाहीर केलं. कट कुणी रचला, माणसं कुठून आली, सगळं सांगितलं. या खटल्याला मोक्का लागला होता, आणि मोक्का हा कबुलीच्या नियमाला अपवाद आहे. त्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं. त्या कबुल्या विश्वासार्ह नाहीत हे त्यामागचं एक मोठं कारण. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला तीन दिवसांत स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

२०१० च्या सूचनापत्राप्रमाणे शिक्षा झाली तरी, सुटका झाली तरी, निकालाची माहिती पोलिसांनी माध्यमांना द्यायची आहे. शिक्षा झाली की नोट येते, तपास अधिकारी आणि पैरवी अधिकाऱ्याच्या नावासकट. सुटकेच्या नोटेचा मसुदा मात्र मी अजून पाहिलेला नाही. तो लिहायला बसलेल्या अंमलदाराची अडचण मी समजू शकतो. ‘शिताफीने’ हा शब्द त्यात कुठे बसत नाही, आणि ‘सदरची कारवाई यांच्या मार्गदर्शनाखाली’ या परिच्छेदात नावं कुणाची घालायची?